काथोडबाबांची सुतळी

काथोडबाबा गेल्याचं सांगायला दर्शनाचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "नक्की?"

मी जीभ चावली, पण उपयोग काय? पलीकडे दर्शना रडत होती, ती रडता रडता हसली आणि बोलली, "दादा, बाबांनी पण हेच विचारलं असतं." खरं होतं ते. स्वतःच्या मरणाची बातमी कोणी आणली असती तरी बाबांनी त्याला आधी समोर बसवलं असतं. तुला कोणी सांगितलं, तू स्वतः बघितलंस का, तू तिकडे कशाला गेलेलास, असं उलटंपालटं विचारून त्याला घाम फोडला असता आणि शेवटी चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं असतं.

माझं कोलशेत रोडला पाट्यांचं गॅरेज आहे. पिकअपच्या, टेम्पोच्या पोटाखाली मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते, गाडीचा सगळा भार तिच्यावर असतो, त्या पट्ट्यांना आम्ही पाटे म्हणतो. पाटा तुटला की माझ्याकडे यायचं, गाडी बसली की माझ्याकडे यायचं. आणि हल्ली गाडी उचलायची असली तरी माझ्याकडेच येतात. उचलायची म्हणजे जमिनीपासून उंच करायची. त्याचा तयार किट मिळतो. पुढे मोठ्या स्प्रिंगा, मागे जादा पाटा, लांब बोल्ट, लांब शॉकअप. घोडबंदरची पोरं येतात, त्यांना गाडी एवढी उंच पाहिजे असते की आत चढायला शिडी लागेल. त्यांना मी हाकलतो. बेताची उंची असेल आणि कारण धड असेल तरच मी काम घेतो, कारण या कामात भानगडी फार. एखाद्याने तक्रार केली की कागद दाखवता दाखवता जीव जातो. त्यामुळे गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं तसा मीही गिऱ्हाइकाकडे संशयानेच बघतो.

दर्शनाचं कारण धड होतं. ती कोलशेत गावातली, बाप लहानपणीच गेलेला, आजोबांनी वाढवलेली. पिकअपमधून खाडीवर होड्यांना बर्फ पोचवायचा आणि येताना मासळी घेऊन बाजार गाठायचा, हा तिचा धंदा. भरतीला खाडीकडचा रस्ता पाण्याखाली जातो आणि खारं पाणी चाकाच्या बेअरिंगपर्यंत चढतं. वर्षात दोनदा बेअरिंग गेली, ब्रेकचे ड्रम गंजून गेले. तिला गाडी पाण्याच्या वर पाहिजे होती, एवढंच. मी हो बोललो आणि ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली. शेजारच्या सीटवरून काथोडबाबा उतरले.

पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खिशात तंबाखूची डबी. रामराम नाही, नमस्कार नाही. उतरल्या उतरल्या त्यांनी गॅरेजच्या खांबावर तळहात टेकला, मग भिंतीवर, मग माझ्या जॅकवर. म्हशीच्या बाजारात आल्यासारखा हा म्हातारा सगळं चाचपत सुटला. मग एका जुन्या टायरवर बसला आणि माझ्याकडे तोंड करून बोलला, "मिस्त्री, वर करतंस ती कती वर करतंस?"

मी सांगितलं, तीन इंच. मी खिशातून टेप काढून दाखवायला गेलो तर त्यांनी हात झिडकारला. "तुझा टेप तुझाच हाय. तो तुझंच बोलंल."

माझं डोकंच सणकलं. इतकी वर्षं धंदा करतोय, पण माझ्या टेपवर संशय घेणारा हा पहिलाच. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सुतळीचं बंडल काढलं. दर्शनाला गाडीच्या हौद्याच्या फळीवर एक टोक धरायला लावलं, दुसरं टोक जमिनीपर्यंत सोडलं आणि जमिनीला टेकलं तिथे गाठ मारली. मग ती गाठ बोटांत फिरवून फिरवून घट्ट केली आणि सुतळी खिशात ठेवली. मग मला बोलले, चालू कर.

कामाला आम्ही हात घातला तर गंजाने सगळे बोल्ट धरलेले. काही सुटले, काही गॅसने कापावे लागले. जो जो भाग निघेल तो तो बाबांनी मांडीवर घ्यायचा आणि तंबाखूच्या डबीतला चुना अंगठ्याने त्याला फासायचा. जुन्या पाट्यातले चांगले परत त्याच गाडीत बसवायचे होते. मी ते बदलून कुठल्या दुसऱ्याच्या गाडीत घालीन आणि दुसऱ्याचा कचरा यांच्यात भरीन, म्हणून ही खूण. अस्लम माझा जुना फिटर, तो शांत माणूस, पण दुपारपर्यंत त्याचाही पारा चढला. त्याने जेवताना माझ्या कानात सांगितलं, "उस्ताद, ये बुड्ढा खबरी है. देख लेना."

मलाही तेच वाटायला लागलेलं. नाहीतर एवढी चौकशी कशाला? किती उचलली, बोल्ट किती लांब घातले, ब्रेकचा पाइप ताणला का, गाडी भरल्यावर किती खाली बसेल. तेच तेच प्रश्न घोळवून घोळवून. मी एक सांगितलं की तेच अस्लमला जाऊन विचारायचं, आणि दोघांचं जुळतं का ते बघायचं. माझ्या मनात पक्कं बसलं की हे आज मापं घेतायत आणि उद्या कुठेतरी अर्ज टाकतील. मी त्यांना मुद्दाम आलं घातलेला चहा मागवला, गोड बोललो. त्यांनी चहा हातात घेऊन आधी वास घेतला.

शेवटी मी दर्शनाला बाजूला घेऊन सरळ विचारलं, की तुझ्या आजोबांचं माझ्याशी वाकडं काय आहे? ती हसायलाच लागली. बोलली, "दादा, तुमच्यासाठी नाही ते. देवीसाठी आहे."

त्यांच्या आळीत नवरात्रात देवी बसते. टेंभी नाक्याची देवी बघायला अख्खं ठाणं लोटतं, यांची देवी आळीपुरती, पण आळीला तिचं कौतुक भारी. मूर्ती कल्याणच्या कारखान्यात बनते आणि दरवर्षी याच घरच्या पिकअपमधून येते, तो या घरचा मान. गावाच्या तोंडाशी आली की पुढचा रस्ता अरुंद, आणि वर वायरींचं जाळं. विजेच्या, केबलच्या, इंटरनेटच्या. म्हणून देवीच्या पुढे एक माणूस उभा बांबू धरून चालतो. बांबूची लांबी रस्त्यापासून गाडीवरच्या देवीच्या मुकुटापर्यंत, बरोबर तेवढी, आणि टोकाला आडवी काठी बांधलेली. बांबू वायरीखालून गेला की देवी जाणार. बांबू अडला की गाडी थांबवायची, वायर उचलून धरायची, आणि मगच गाडी पुढे.

फार वर्षांपूर्वी बांबू दुसऱ्या कोणाच्या हातात होता. तो जाईल जाईल करत पुढे चालत राहिला आणि वळणावरच्या वायरीला मुकुट घासला. ठिणगी उडाली, देवीला धरून उभा असलेला पोरगा गाडीवरून खाली फेकला गेला. जीव वाचला, पण त्याचा एक हात कायमचा गेला. त्या सालापासून बांबू काथोडबाबांकडे आला आणि परत कोणाकडे गेला नाही. वीजवाले त्या संध्याकाळी लाइन बंद करतात, तरी बाबांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. बंद केली म्हणतात, पण बंद वायर आणि चालू वायर दिसायला सारखीच, असं त्यांचं म्हणणं.

आता ती गाडीच उंच होत होती. म्हणजे देवी उंच होणार, म्हणजे बांबू लांब करायला पाहिजे, आणि तोही नेमका तेवढाच. कमी झाला तर मुकुट वायरीत, आणि वर पोरं उभी. जास्त झाला तर बांबू फुकट जागोजाग अडणार आणि पोरं वैतागून बांबूच बाजूला ठेवणार. म्हणून ती सुतळी होती. हे ऐकल्यावर माझा राग उतरला आणि मला जरा बरंही वाटलं. टेपवरचा संशय मात्र मला आवडला नाही तो नाहीच.

काम झालं त्या दिवशी त्यांनी पुन्हा सुतळी सोडली आणि दुसरी गाठ मारली. दोन गाठींमधलं अंतर बोटांनी चाचपलं आणि बोलले, हे तर जास्त हाय. मी समजावलं की नवे पाटे आहेत, गाडी रिकामी आहे, वजन पडलं की खाली येईल. त्यांनी लगेच वजन मागितलं. दर्शनाने बर्फाच्या लाद्या मागवल्या आणि हौद्यात रचल्या. बाबा सुतळी लावून बसले. उन्हाने बर्फ पाघळायला लागला, खाली पाण्याचा ओघळ सुटला, आणि हे गाठीवर बोट ठेवून तक्रार करतायत की गाडी वर चालली, गाडी वर चालली. शेवटी मी, अस्लम, चहावाला आणि पाटा बदलायला आलेला एक बिचारा टेम्पोवाला, असे सगळे हौद्यात दाटीवाटीने बसलो. देवीचं वजन आणि धरणाऱ्या पोरांचं वजन भरायला पाहिजे ना. त्यांनी प्रत्येकाला वजन विचारलं. अस्लमने सांगितलेलं त्यांना पटलं नाही, त्यांनी त्याचा दंड दाबून बघितला आणि त्याला गॅसचा एक सिलिंडर मांडीवर घ्यायला लावला. मग दुसरी गाठ सोडून भरल्या गाडीची नवी गाठ मारली. रस्त्यावरून जाणारे येणारे बघत होते. मला लाज वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

जाताना मी नेहमीचं सांगितलं, की नवे बोल्ट आहेत, गाडी थोडी चालली की परत घट्ट करायला या. झालं! म्हातारा तिथेच उभा राहिला. आज घट्ट केलास ना? मग परत कशाला? म्हणजे आज नीट नाही केलास. मी किती सांगितलं की पाटे दबून जागेवर बसतात, मग नट ढिला पडतो, सगळ्यांचाच पडतो. ऐकून घेतलं, पण तोंडावर लिहिलेलं होतं की चोर सापडला. तेव्हा मी चिडून त्यांच्याच डबीतला चुना घेतला आणि नटावरून खाली पट्टीपर्यंत एक रेघ ओढली. बोललो, ही रेघ जोवर सरळ आहे तोवर नट हललेला नाही. मोडली की समजा हलला. स्वतः बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

हे मात्र त्यांना इतकं आवडलं की विचारू नका. दर आठवड्याला दर्शनाला घेऊन हजर. एके दिवशी गाडी थांबायच्या आधीच खिडकीतून ओरडले, फिरला, फिरला. लॉटरी लागल्याचा आनंद. घरीच अंगठा फिरवून त्यांनी रेघ तुटल्याचं ओळखलेलं. मी गाडीखाली गेलो तर खरंच एक नट जरासा फिरलेला आणि रेघ तुटलेली. पाना लावून घट्ट केला आणि त्यांनी पुन्हा रेघ ओढली. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःच्या डबीतली तंबाखू दिली. मी खात नाही, तरी घेतली.

एव्हाना मला त्यांची सवय झालेली. आले नाहीत तर चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. त्यांचं आम्हाला पाठ झालेलं. कोणी आत आलं की ते कोन, असं विचारणार. तेच माणूस बाहेर जाऊन परत आलं तरी कोन. कोणी गप्प उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही, समोरच्याने बोलत राहायला पाहिजे. हात नेहमी कशावर तरी टेकलेला. आणि सुतळी नेहमी बोटांत असायची, डोळ्यांसमोर कधीच नाही. हे सगळं मी बघत होतो आणि मला त्यात फक्त एक खडूस म्हातारा दिसत होता.

मग ती दुपार आली. अस्लम नमाजाला गेलेला. त्याचा डगला, ऑइलने काळा झालेला, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. दर्शना गाडीत फोनवर. मी पाना शोधत मागे गेलेलो, आणि आतून मला बाबांचा आवाज आला. ते कोणाला तरी झापत होते. कवापासून उभा हायस? काम नाय क तुला? बोलत का नायस? मी येऊन बघतो तर म्हातारा त्या डगल्यासमोर उभा, कमरेवर हात, रागाने लाल. मला हसू फुटलं. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी हात पुढे केला आणि डगल्याची रिकामी बाही त्यांच्या मुठीत आली.

माझं हसू तिथेच मेलं. त्यांनी ती बाही सोडली नाही, तशीच धरून उभे राहिले. मी आलोय हे त्यांना कळलेलं, माझ्या चपलेचा आवाज ते ओळखत होते. मग बोलले, "मिस्त्री, डोलं व्हतं तवा मी फकस्त वायरीवं संशय घेवाचो. आता समद्यांवं घेवा लागतो."

मी त्यांना हात धरून टायरवर बसवलं. मला खूप वाईट वाटलं, आणि पाठोपाठ भीती वाटली. नवरात्र जवळ आलेलं. उजेड अंधार कळतो, जवळचा आकार कळतो, बाकी धुकं, असं त्यांनीच सांगितलं. डॉक्टरकडे का नाही गेलात, तर डॉक्टर आहे तेवढंही घालवील म्हणून. घरात का नाही सांगितलं, तर सांगितलं की मंडळाची पोरं बांबू काढून घेतील. मंडळाचा अध्यक्ष रूपेश, चांगला पोरगा, पण घाईचा. त्याच्या हातात बांबू गेला की परत जाईल जाईल चालू होणार. बांबू वायरीला लागला की माझ्या हाताला समजतं, डोळे कशाला पाहिजेत, असं ते मला पटवायला लागले.

मला नाही पटलं. मी आवाज चढवून बोललो की बाबा, बांबूची काठी वायरीच्या बाजूने निसटली तर हाताला काय कळणार? खाली खड्डा आला आणि तुम्ही पडलात तर? वर पोरं असतात. एका पोराचा हात गेलाय ना? ते उठले, भिंत धरत धरत बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मी रोज टिटवाळ्याला घरी जाताना तेच घोळवत होतो. दर्शनाला सांगावं तर त्यांचा घात केल्यासारखं, न सांगावं तर उद्या काही झालं तर मी जेवू शकणार नाही. शेवटी ठरवलं, सांगायचं. ती बोल्ट घट्ट करायला एकटी आली तेव्हा मी सुरुवात केली, की बाबांच्या डोळ्यांचं जरा. तिने मला मध्येच थांबवलं. बोलली, "माहितीये, दादा. वर्ष होऊन गेलं." घरात बाबा कपाट चाचपत जातात, जेवताना मीठ कुठे आहे ते बोटाने शोधतात, हे तिला कधीच कळलेलं. पण त्यांनी आपल्या तोंडाने सांगावं म्हणून ती थांबलेली. आपण सांगितलं तर या माणसाला वाटेल की घरातली पोरगीपण बांबू काढून घ्यायला टपलीये. आणि मग ते तिच्यावरही संशय घेतील. बाकी सगळ्यांवर घेऊ देत, पण माझ्यावर नको, असं बोलली आणि डोळे पुसले.

मग तिने काम सांगितलं. गाडी उंच झाल्यापासून बाबांना आत चढता येत नाही, तिला उचलून बसवावं लागतं आणि ते त्यांना आवडत नाही. त्यांच्या बाजूला एक पायरी लावून द्या. चढायला शिडी लागेल म्हणून मी पोरांना हसायचो, आणि इथे खरंच पायरी लावायची वेळ आली. मी जाड पत्र्याची, खडबडीत, पाय न सरकणारी पायरी केली, बोल्टांनी बसवली, आणि प्रत्येक नटावर चुन्याची रेघ ओढली.

देवी येण्याच्या संध्याकाळी मी गावाच्या नाक्यावर गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, मला घरी बसवेनाच. गाडी उभी होती, हौद्यात देवी, पाठीशी तिला धरून चार पोरं, त्यातली दोन अजून मिसरूड न फुटलेली. बेंजो वाजत होता. सगळ्यांच्या पुढे काथोडबाबा, नवा लेंगा, कोरी टोपी, हातात बांबू. बांबूच्या बुडाला नवा तुकडा जोडलेला आणि तो त्याच सुतळीने आवळून बांधलेला. दोन गाठींमधलं अंतर, भरल्या गाडीचं, बरोबर तेवढाच तुकडा. मी लांबून बघूनच ओळखलं. दर्शना स्टिअरिंगवर होती आणि तिचं तोंड उतरलेलं.

रूपेशने हात वर केला, चला म्हणून. गाडीने हॉर्न दिला. बाबा हलले नाहीत. परत हॉर्न. लोक बघायला लागले. बाबांनी बांबू जमिनीवर नीट टेकवला, मान वळवली आणि मोठ्याने हाक मारली, दर्शना, खाली ये. ती धावत आली. बेंजोवाल्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, ते थांबले. त्या शांततेत म्हातारा अख्ख्या आळीसमोर बोलला, "मना वरचं दिसत नाय. हा तू धर."

रूपेश पुढे झाला आणि त्याने बांबूला हात घातला, द्या बाबा, मी घेतो म्हणून. बाबांनी त्याचा हात चाचपून बाजूला केला आणि दर्शनाचा हात शोधून बांबूवर ठेवला. आमच्याकडं बाई बांबू धरत नाय, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. बाबांनी आवाजाकडे तोंड केलं आणि विचारलं, कोन?

मग प्रश्न आला की गाडी कोण चालवणार. मी गर्दीतून पुढे झालो आणि बोललो, मी चालवतो. बाबांनी माझा आवाज ओळखला. मग बोलले, मिस्त्री चालवणार असेल तर मी आत बसणार, याच्यावर नजर ठेवायला कोणीतरी पाहिजे. लोक हसले. मलाही हसू आलं. पायरीशी आल्यावर त्यांनी वाकून तिचे सगळे नट चाचपले, एकूण एक, बोटाला चुना लागलाय का ते अंगठ्यावर घासून बघितलं, आणि मग पाय टेकून, कोणाचा हात न धरता वर चढले.

गाडी मी चालण्याच्या वेगाने काढली. पुढे दर्शना, बांबू सरळ उभा, मान वर. आणि माझ्या बाजूला बाबा, खिडकीतून डोकं बाहेर काढून, खांबाखांबाला तोच प्रश्न. वर काय हाय? मी सांगायचो, केबल आहे, बांबू गेला. नक्की? नक्की. पुढे काय हाय? पताका आहेत. पताकांच्या मागं? मागे काही नाही. परत बग. मी परत बघायचो. किती वायरींखालून गेलो मला आठवत नाही, पण एकीलाही त्यांनी विचारल्याशिवाय सोडलं नाही.

मग ते वळण आलं. तिथे वायर सगळ्यांत खाली लोंबते, पोरगा फेकला गेला ती जागा. बांबू अडला. दर्शनाने हात वर करून गाडी थांबवली, आडवी काठी वायरीखाली घातली आणि दोन्ही हातांनी रेटून वायर वर उचलली. रूपेश मदतीला धावला तर तिने त्याला मानेनेच लांब केलं. वर बघितलं, देवीच्या मुकुटाकडे बघितलं, परत वर बघितलं. मागून पोरं ओरडत होती, जाईल, जाईल. ती तशीच उभी. मग जरा बांबू तिरका केला, अजून वर रेटला, आणि आमच्याकडे बघून हाक दिली, "या."

मी क्लचवर पाय ठेवला आणि थांबलो. बाबा आता विचारतील म्हणून थांबलो. त्यांनी डोकं आत घेतलेलं. दोन्ही हात मांडीवर. मला माझाच धीर होईना, पोरांची तोंडं आरशात दिसत होती. मी विचारलं, "बाबा, नक्की?"

"ती बोलली ना," काथोडबाबा बोलले. "मंग चल."